व्हॉइसमेलची मास्टर किल्ली कोणाकडे? ऑफिसच्या मेसेजिंग यंत्रणेत अ‍ॅडमिन खाती कशी सांभाळतात

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन कोणाला ग्रुपमधून काढू शकतो किंवा ग्रुपचं नाव बदलू शकतो. पण तुमचे खासगी मेसेज तो वाचू शकत नाही. ऑफिसच्या व्हॉइसमेल यंत्रणेचा अ‍ॅडमिन मात्र कोणाचाही पिन बदलू शकतो आणि तो बदललेला पिन वापरून त्या व्यक्तीचे निरोप ऐकणं त्याला शक्य असतं. म्हणूनच अशा यंत्रणेत अ‍ॅडमिन खाती किती असावीत, कोणाकडे असावीत आणि कधी बंद करावीत, याला फार महत्त्व आहे.

युनिफाइड मेसेजिंग म्हणजे काय?

ऑफिसचा फोन कोणी उचलला नाही, तर समोरचा माणूस आवाजात निरोप ठेवतो. हा झाला व्हॉइसमेल. तोच निरोप ईमेलच्या इनबॉक्समध्येही दिसू लागला आणि एकीकडे ऐकला की दुसरीकडेही 'ऐकला' अशी नोंद झाली, की त्याला युनिफाइड मेसेजिंग म्हणतात. मोठ्या कंपन्या, बँका, रुग्णालयं आणि विद्यापीठांमध्ये अशा यंत्रणा असतात. सिस्को कंपनीची 'युनिटी कनेक्शन' ही त्यातली एक प्रसिद्ध यंत्रणा. पुढची उदाहरणं तिचीच आहेत.

पहिलं अ‍ॅडमिन खातं कुठून येतं?

यंत्रणा बसवतानाच दोन वेगवेगळी खाती तयार होतात. एक सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी आणि दुसरं व्हॉइसमेलचा कारभार पाहण्यासाठी. दुसऱ्या खात्याला 'सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' हा सर्वांत वरचा रोल मिळतो. नवीन माणसं जोडणं, पिन बदलणं, कॉल कुठे वळवायचे ते ठरवणं आणि इतरांना अ‍ॅडमिन करणं, हे सगळं त्याच्या हातात असतं.

अनेक ठिकाणी इथेच घोळ होतो. हे एकच खातं आयटी विभागातले पाच-सहा जण मिळून वापरतात. मग एखाद्याचा पिन रात्री ११ वाजता बदलला गेला, तर नोंदीत फक्त खात्याचं नाव दिसतं. बदल कोणी केला, हे कळत नाही. म्हणून पहिला नियम असा, की प्रत्येक अ‍ॅडमिनचं स्वतःच्या नावाचं वेगळं खातं हवं.

प्रत्येकाला सगळे अधिकार लागत नाहीत

युनिटी कनेक्शनमध्ये कामानुसार तयार रोल दिलेले असतात. त्यातले मुख्य असे:

- हेल्प डेस्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर: विसरलेला पिन बदलणं, लॉक झालेलं खातं उघडणं.
- यूजर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर: कर्मचाऱ्यांची खाती सांभाळणं.
- ग्रीटिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर: 'आज कार्यालय बंद आहे' यासारख्या ध्वनिमुद्रित सूचना फोनवरून बदलणं.
- टेक्निशियन: फोन यंत्रणेशी असलेली जोडणी पाहणं, बिघाड तपासणं.
- ऑडिट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर: कोणी काय केलं याच्या नोंदी ठेवण्याची सोय चालू-बंद करणं.
- मेलबॉक्स अ‍ॅक्सेस डेलिगेट: सर्व निरोपांपर्यंत पोहोचणं. हा रोल माणसासाठी नसून सहसा दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या जोडणीसाठी वापरतात. म्हणून तो कोणाकडे आहे, यावर सर्वांत जास्त लक्ष हवं.

रिसेप्शनवर सुट्टीची सूचना बदलणाऱ्याला ग्रीटिंगचा रोल पुरतो. त्याला सगळ्या यंत्रणेची किल्ली देण्याचं कारण नाही. पण हेल्प डेस्कसारखा 'लहान' वाटणारा रोलही पिन बदलू शकतो. त्यामुळे फोन करणारा खरोखर तोच कर्मचारी आहे ना, याची खात्री केल्याशिवाय पिन बदलून देऊ नये.

अ‍ॅडमिनचं खातं मेलबॉक्सशिवाय का?

या यंत्रणेत मेलबॉक्स असलेली आणि मेलबॉक्स नसलेली, अशी दोन प्रकारची खाती करता येतात. अ‍ॅडमिनच्या कामासाठी मेलबॉक्स नसलेलं खातं वापरावं, असा सल्ला दिला जातो. रोजचे निरोप ऐकण्यासाठी त्या व्यक्तीचं दुसरं साधं खातं असतं. यामागचं कारण सरळ आहे. रोजचं खातं अनेक ठिकाणी उघडलं जातं आणि त्याचा पासवर्ड बाहेर जाण्याची शक्यता जास्त असते. तो गेलाच, तर त्यासोबत संपूर्ण यंत्रणा जाऊ नये.

माणसामागे नसलेलं खातं

व्हॉइसमेल आणि ईमेल जोडण्यासाठी ईमेलच्या बाजूला एक सर्व्हिस अकाउंट लागतं. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजशी जोडताना या खात्याला इतरांच्या मेलबॉक्समध्ये त्यांच्या वतीने काम करण्याची परवानगी दिली जाऊ शकते. ते रोज कोणी उघडत नाही, म्हणून विसरलं जातं. त्याचे अधिकार गरजेपुरतेच ठेवावेत आणि ते खातं कोणाच्या जबाबदारीत आहे, हे लिहून ठेवावं.

अ‍ॅडमिन नोकरी सोडून गेला तर?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा शेवटचा अ‍ॅडमिन बाहेर पडला, तर दुसरा कोणीतरी आपोआप अ‍ॅडमिन होतो. इथे तसं होत नाही. म्हणून वरच्या रोलची किमान दोन खाती दोन वेगळ्या माणसांकडे असावीत. सोडून जाणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद करावं आणि सामायिक पासवर्ड बदलावेत. सगळ्यांचाच पासवर्ड हरवला, तर सर्व्हरच्या कमांड लाइनवरून तो नव्याने ठेवता येतो. पण त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमचं खातं लागतं. त्याचा पासवर्ड म्हणूनच वेगळा आणि सुरक्षित जागी ठेवायचा असतो.

चुकीचे हात पोहोचले तर धोका फक्त निरोपांचा नसतो. कॉल परदेशी नंबरांवर वळवून कंपनीच्या माथी मोठं बिल मारण्याचे प्रकारही होतात. ते रोखण्यासाठी कोणत्या नंबरांवर कॉल वळवता येणार नाही, याची यादी यंत्रणेत ठेवता येते.

तुमच्याशी याचा काय संबंध?

ब्रिटनमधलं 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे वृत्तपत्र २०११ मध्ये बंद पडलं, ते लोकांच्या मोबाइलवरचे व्हॉइसमेल चोरून ऐकल्याच्या प्रकरणामुळे. २०१८ मध्ये इस्रायलच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने व्हॉट्सअ‍ॅप खाती पळवली जात असल्याचा इशारा दिला होता. त्यात व्हॉट्सअ‍ॅपचा कोड फोन कॉलवर मागवला जाई, फोन उचलला नाही की तो व्हॉइसमेलमध्ये जाई आणि चोर 0000 किंवा 1234 असा न बदललेला पिन टाकून तो ऐकत.

भारतात मोबाइलवर व्हॉइसमेल फारसा वापरला जात नाही. पण अमेरिका-ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांच्या फोनवर तो असतो. त्यांनी पिन बदलावा आणि व्हॉट्सअ‍ॅपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करावं.

आणि ऑफिसच्या व्हॉइसमेलचा तुमचा पिन एके दिवशी अचानक चालेनासा झाला, तर फक्त नवा मागून गप्प बसू नका. मुदत संपल्यामुळे किंवा खातं लॉक झाल्यामुळेही असं होऊ शकतं. पण 'पिन कोणी आणि कधी बदलला?' हे आयटी विभागाला जरूर विचारा. खाती नीट सांभाळली असतील, तर त्यांना याचं उत्तर नोंदींमधून देता येईल.