वादकाचे सोंग

येरमाळ्यास येडेश्वरीची चैत्री यात्रा भरते, त्या वेळी गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेले आराधी देवीची गाणी गाताना दिसतात. ही देवी तुळजाभवानीची धाकटी बहीण मानली जाते. या मुलखात लग्नकार्यानंतर गोंधळ घालण्याची चाल जुनी आहे. गोंधळी संबळ-तुणतुणे घेऊन यजमानाच्या घरी येतो आणि रात्र जागवितो. घरातील रुसवेफुगवे, कर्जाची कुजबुज, सासूसुनांचे टोमणे हे सारे त्याच्या कानावर पडते. पण तो तेथे बसला आहे याची घरच्यांस आठवण राहत नाही. वादकाचे हे अर्धे अदृश्यपण फार पुरातन होय. पोट दुसऱ्याच्या दारी बांधलेले असल्यामुळे पाहिलेले बोलून दाखविण्याची त्याला सोय नसते. परंतु या वादकाने पाहू नये ते पाहिले तर? आणि मौनाचे मोल कोणी मागू लागला तर?

महाराष्ट्रातील गायकवादकांची उपजीविका कोणावर अवलंबून होती, याचा इतिहास थोडक्यात असा. प्रथम देवस्थाने व संस्थानिक, मग संगीत नाटक मंडळ्या. १९३२ साली प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट निघाला आणि मंडळ्यांचा प्रेक्षक तिकडे वळू लागला. गोविंदराव टेंबे यांनी त्यात हरिश्चंद्राची भूमिका केली व संगीतही दिले. कर्जाने जेरीस आलेले बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्याच ‘धर्मात्मा’मध्ये एकनाथ झाले. ज्यांच्या पदांना प्रेक्षक पुन्हापुन्हा ‘वन्समोअर’ देत, त्या नटाला कॅमेऱ्यासमोर उभे राहावे लागले, यातच काळाचा बदल दिसून येतो.

१९३९ साली शांतारामबापूंनी पुण्यात ‘माणूस’ काढला. त्यातील मैना गाणे गाऊन, पुरुषांची करमणूक करून पोट भरणारी स्त्री आहे. एका पोलिसाचे प्रेम तिला त्या वस्तीतून बाहेर काढू पाहते. पण एका दुष्ट नातलगाचा तिच्या हातून खून होतो आणि सुटकेची वाट बंद होते. शांता हुबळीकरांची मैना, शाहू मोडकांचा पोलीस, पाऊस, काळोख आणि भिंतीवरील सावल्या हे सर्व पाहिले म्हणजे नवल वाटते. कारण ज्या अमेरिकन गुन्हेपटांना फ्रेंच टीकाकार नीनो फ्रँक यांनी १९४६ साली ‘नुआर’, म्हणजे काळा, असे विशेषण लाविले, त्यांच्या नामकरणाला अद्याप सात वर्षे अवकाश होता.

प्रभातच्या त्याच आवारात १९६० साली सरकारी चित्रपटसंस्था निघाली. तेथे शिकलेले श्रीराम राघवन यांनी ५ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘अंधाधुन’ प्रदर्शित केला. बीज परक्या भूमीतील होते. ऑलिव्हिए त्रेनर यांचा ‘लाकॉर्दर’ हा २०१० सालचा पाव तासाचाही नसलेला फ्रेंच लघुपट हेमंत राव यांनी राघवन यांच्या नजरेस आणून दिला. त्यात पियानोचे सूर जुळविणारा तरुण आंधळ्याचे सोंग घेतो. राघवन यांनी हे सोंग पुण्यात आणले, आणि ते पुण्याच्या अंगी इतके बसले की मूळ परके असल्याची आठवणही होत नाही.

आकाश हा उमेदवारी करणारा पियानोवादक. लंडन गाठावे ही त्याची आकांक्षा. दृष्टी मिटली म्हणजे कान अधिक उघडतात, अशा समजुतीने तो आंधळा बनून वावरतो. शिवाय आंधळ्याला लोक दाद अधिक देतात, हा लाभ निराळाच. एका उपाहारगृहात त्याचे वादन ऐकून जुने नट प्रमोद सिन्हा त्याला लग्नाच्या वाढदिवसानिमित्त घरी बोलावितात. ही भूमिका १९७० सालच्या ‘चेतना’मुळे नावारूपास आलेल्या अनिल धवन यांनी केली आहे, आणि त्यांचीच जुनी गाणी त्यात खुबीने योजिली आहेत.

आकाश घरी येतो तो सिन्हांचे प्रेत जमिनीवर पडलेले. पत्नी सिमी दार उघडते. तिचा प्रियकर आत लपलेला. पुढील प्रसंग या चित्रपटाचा प्राण आहे. ती दोघे मुक्याने प्रेत पेटीत भरतात आणि आकाश हे सर्व पाहत असूनही स्वर न चुकविता वाजवीत राहतो. थांबला तर सोंग उघडे पडते. गोंधळ्याच्या अर्ध्या अदृश्यपणाचे येथे प्राणसंकट झाले आहे. फिर्याद देण्यास तो पोलिसांकडे जातो, तो तोच प्रियकर तेथे अधिकारी! पुढे सिमी प्रसादातून विष देऊन त्याची दृष्टी खरोखरच हिरावून घेते. सोंग खरे होते.

तेथून खंडणीचे पर्व सुरू होते. ज्याला काही ठाऊक आहे तो ते विकू पाहतो, आणि प्रत्येक सौद्यात एक नवा लोभी माणूस शिरतो: अवयवांचा व्यापार करणारा डॉक्टर, रिक्षावाला, लॉटरी विकणारी मावशी. हा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका घट्ट विणलेला नाही; योगायोगांची गर्दी थोडी जास्तच होते. तथापि एक गोष्ट तेथे सूक्ष्मपणे साधली आहे. मोठा गुन्हा करणारे वाड्यातील, आणि गुपिताचा भाव ठरविणारे रस्त्यावरील. छाया कदम यांची मावशी पडद्यावर थोडाच वेळ दिसते. पण तिच्या डोळ्यांतील हाव ही गरजेची हाव आहे, म्हणून ती पटते. तब्बूची सिमी मात्र गरजेपोटी काहीच करीत नाही.

चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा मान मिळाला, आणि आयुष्मान खुराना हे विकी कौशल यांच्याबरोबर उत्कृष्ट अभिनेते ठरले. २०१९ साली तो चीनमध्येही मोठ्या संख्येने पाहिला गेला. मग तेलुगू व मल्याळम आवृत्त्या २०२१ साली आणि तमिळ २०२४ साली निघाली. शेवट काय होतो, याविषयी पाहणाऱ्यांत अजून वाद चालतो. आकाशने सांगितलेली हकिकत खरी मानावी की हेही त्याचे सोंगच, एवढाच तो वाद आहे.