न मारता पटलेली ओळख

सेवाग्रामच्या आश्रमात महात्माजींचे जे कार्यालय जतन करून ठेविले आहे, तेथे दूरध्वनीबरोबरच साप धरण्याचा एक चिमटा व लाकडी पिंजरा पाहावयास मिळतो. निघालेला साप धरावयाचा व दूर रानात नेऊन सोडावयाचा, असा तेथला परिपाठ होता. तो पिंजरा पाहताना आम्हांस पक्षिशास्त्राच्या इतिहासातील एक प्रकरण आठवते.

एकोणिसाव्या शतकात नवा पक्षी जगापुढे मांडावयाचा, तर तो बंदुकीने टिपून त्याचे कातडे संग्रहालयात ठेवावयाचे, हाच रिवाज होता. ओळख पटावयाची ती मरणानंतर. ह्या रिवाजास निव्वळ क्रौर्य म्हणून झिडकारणे मात्र न्यायाचे होणार नाही. शंभराहून अधिक वर्षे दिसेनासा झालेला रानपिंगळा १९९७ साली खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तो पामेला रासमुसेन ह्या विदुषीने जुनी कातडी तपासून खऱ्याखोट्या नोंदी निवडल्या म्हणूनच.

परंतु ज्या जातीचे पक्षी अगदीच थोडे उरले, तिची ओळख कशी पटवावी? हा प्रश्न पुण्यातील खगोलशास्त्रज्ञ रमणा अत्रेय ह्यांच्यापुढे उभा राहिला. अरुणाचलातील ईगलनेस्ट अभयारण्यात, दोन हजार मीटरांवरील धुक्यात बुडालेल्या रानात, १९९५ साली त्यांनी एक अनोळखी गाणारा पक्षी पाहिला. तो पुन्हा दिसला तो २००५ साली. अंग राखी-हिरवट, माथ्यावर काळी टोपी, डोळ्यापुढे पिवळाजर्द ठिपका, पंखांवर पिवळा, तांबडा व पांढरा रंग आणि काळ्या शेपटीच्या टोकास लाली. आपल्या अंगणातील सातभाईंच्याच कुळातला, पण थाट केवढा निराळा! त्याचा जवळचा आप्त चीनमधील एमेई पर्वतात राहतो. परंतु त्याच्या माथ्यावर ही काळी टोपी नाही, आणि दोघांमध्ये हजाराहून अधिक किलोमीटरांचे अंतर आहे.

सारे मिळून आढळले होते अवघे चौदा पक्षी. २००६ च्या मे महिन्यात पक्षी जाळ्यात धरला, न्याहाळला, त्याची छायाचित्रे घेतली आणि त्यास सोडून दिले. जाळ्यात गळलेली पिसे, छायाचित्रे, टिपणे व गाण्याचे ध्वनिमुद्रण एवढ्या आधारावर त्याच वर्षी ही नवी जाती जाहीर झाली. तेथील बुगुन लोकांवरून तिचे नाव बुगुन लिओसिकला असे ठेवण्यात आले.

कोणी म्हणेल, मुठीभर पिसांवर शास्त्र कसे उभे राहावे? आमचे उत्तर इतकेच, की चौदांतील एक मारून मिळणारी खात्री फार महाग पडली असती. शिवाय जिवंत सोडलेल्या पक्ष्याने पुढे आपले राखणदारही मिळविले. २०१७ साली सिंगचुंगच्या बुगुन ग्रामस्थांचे सुमारे सतरा चौरस किलोमीटर रान समुदाय राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले.

साप हाती आला असता त्यास सोडण्यास धैर्य लागते. नवा पक्षी हाती आला असता त्यास सोडण्यास संशोधकाला त्याहून कमी धैर्य लागत असेल, असे आम्हांस वाटत नाही.