अकरा वाव पाणी

दोन्ही हात पसरले की जेवढे अंतर भरते, ती वाव. आपले दर्यावर्दी पाणी तिनेच मोजीत. आणि गंमत अशी की, साहेबाच्या नकाशातले फॅदम हेही पसरल्या हातांचेच माप! १८व्या शतकाच्या अखेरीस बॉम्बे मरीनच्या जॉन मॅक्लुअरने पश्चिम किनाऱ्याची मोजणी केली. पण खोली भरतीची की ओहोटीची, हे कळल्यावाचून आकडा काय कामाचा? असल्या बाबतींत देशोदेशी एकवाक्यता यावी म्हणून १९२१ साली मोनॅकोत कचेरी निघाली. ओहोटीचे पाणी जिच्याखाली क्वचितच उतरते, ती पातळी नकाशाचा शून्य ठरली. २०२४ साली डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली, ती किनाऱ्यालगतच्या २० मीटर नैसर्गिक खोलीच्या भरवशावर. म्हणजे सुमारे ११ वाव. मच्छीमारांनी बंदराला विरोध केला, तोही याच पाण्यासाठी.