पोस्टग्रेस : मुख्य आवृत्ती अपग्रेड

पोस्टग्रेएसक्यूएल (रूढ नाव पोस्टग्रेस) या मुक्तस्रोत रिलेशनल डेटाबेसचा सर्व्हर नव्या मुख्य आवृत्तीवर नेण्याची प्रक्रिया. २०१७ मधील १० व्या आवृत्तीपासून क्रमांकातील पहिला आकडा मुख्य आवृत्ती दाखवतो. १६.२ वरून १६.४ वर जाताना नवे प्रोग्रॅम बसवून सर्व्हर पुन्हा सुरू केला की सहसा भागते. १३ वरून १७ वर जाताना तसे चालत नाही, कारण सिस्टिम कॅटलॉगची, म्हणजे डेटाबेसने स्वतःविषयी ठेवलेल्या नोंदींची, रचना बदललेली असते.

डंप, म्हणजे डेटाबेसचा पूर्ण उतारा, काढून तो नव्या सर्व्हरवर भरणे हा जुना, भरवशाचा मार्ग. मात्र डेटा मोठा असेल तर सेवा कित्येक तास बंद राहते. लॉजिकल रेप्लिकेशनने, म्हणजे डेटातील बदल सतत नव्या सर्व्हरवर पाठवत राहिल्याने, हा खंड बराच कमी होतो. पीजी_अपग्रेड हे साधन कॅटलॉग नव्याने उभारते आणि डेटाच्या फाइली तशाच वापरते. त्याचा लिंक पर्याय फाइलींची नक्कलही करत नाही, त्यामुळे काम बहुधा काही मिनिटांत होते. पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना सुरक्षितपणे वापरता येत नाही. बॅकअप पुन्हा उभा करून पाहिल्याशिवाय हा पर्याय निवडणे बेजबाबदारपणाचे आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमही सोबत बदलल्यास धोका वाढतो. मजकुराचा क्रम पोस्टग्रेस सहसा सिस्टिमच्या लायब्ररीकडून घेतो, आणि लिनक्सवरील अशा जीलिबसी या लायब्ररीच्या २०१८ मधील २.२८ आवृत्तीने अक्षरक्रमाचे नियम बदलले. अशा वेळी मजकुरावरील जुने इंडेक्स चुकीची उत्तरे देऊ शकतात आणि ते नव्याने बांधावे लागतात. तरीही अपग्रेड फार लांबवता येत नाही, कारण प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षेच दुरुस्त्या मिळतात; १३ व्या आवृत्तीची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली.