पावसातले पायताण

पालघरहून बोईसरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बेटेगाव हे नाव बाहेरच्या माणसाने ऐकलेले असलेच, तर ते आता तेथे उभ्या राहत असलेल्या बुलेट ट्रेनच्या स्थानकामुळे. पण आषाढात त्या रस्त्याच्या कडेला घटकाभर थांबून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे पाहिले, तर या मुलखाचा दोन-तीन शतकांचा इतिहास डोळ्यांसमोरून चालत जातो. तारापूरच्या कारखान्यातून पाळी संपवून निघालेल्या कामगाराच्या पायात पुढच्या बाजूस लोखंडी वाटी बसवलेले जाड बूट असतात; शाळकरी मुलीच्या पायात मृगाच्या आधी घेतलेले प्लॅस्टिकचे पावसाळी सँडल असतात; आवणी करून परतणाऱ्या बाईच्या पायात चिखलावाचून दुसरे काही नसते; आणि असावा किंवा काळदुर्ग हा गड चढावा म्हणून रविवारी मुंबईहून आलेल्या तरुणाच्या पायात, आत पाण्याचा थेंब शिरणार नाही अशी हमी देऊन विकलेले, हजारो रुपयांचे डोंगरी बूट असतात.

या शेवटच्या जिनसाविषयी मला पुष्कळ जण विचारतात. पाठीवर दोन-चार दिवसांची शिधासामग्री घेऊन दगडधोंड्यांतून, ओढ्यानाल्यांतून हिंडायचे असेल, तर जलरोधक बूट कोणते घ्यावेत? या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळण्यापूर्वी इतिहासात शोधावे असे माझे मत आहे. कारण पाऊल आणि पाणी यांचा या भूमीतला व्यवहार फार जुना आहे, आणि तो ज्यांनी केला त्यांनी काही विचारपूर्वक केला होता.

पाणी अडवणारे कातडे आपल्याला ठाऊक नव्हते, असा समज असेल तर तो निराधार आहे. बारा बलुतेदारांतला चांभार देशावर वहाणा शिवत असे तसाच तो मोटही शिवत असे आणि सांधत असे. विहिरीच्या तळातून बैलांच्या बळावर वर येणारी ती कातड्याची मोट दिवसातून शेकडो वेळा भरायची, रिकामी व्हायची, आणि तिच्या शिवणीतून पाणी ठिबकू लागले की कुणबी थेट त्याच्या दारात जाऊन उभा राहायचा. कोकणपट्टीत, पालघर-चिंचणीच्या वाड्यांत, मोटेची जागा रहाटाने घेतलेली असली, तरी भिस्त्याची पखाल सर्वत्र होती आणि तीही कातड्याचीच होती. चुन्याच्या निवळीत केस काढलेले कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात अनेक दिवस मुरवायचे, मग ते तेलाने मऊ करायचे, ही विद्या ज्याच्या हाती होती, त्याला पाणी आत कोंडून ठेवता येत होते. मग तेच पाणी बाहेर थोपवून धरणारा जोडा त्याने का केला नाही? माझ्या मते उत्तर सरळ आहे. तो त्याला कोणी मागितलाच नाही.

न मागण्याची कारणे दोन. पहिले कारण ऋतूचे. पायपोस, चढाव, जोडा ही नावे ज्या दरबारी आणि लष्करी जीवनात वावरत होती, त्या जीवनाचे वर्षच मुळी पावसाळा वगळून आखलेले असे. पर्जन्यकाळी फौजेने छावणी करावी, दसऱ्याला सीमोल्लंघन व्हावे आणि मग मोहिमेला आरंभ व्हावा, हा शिरस्ता होता. याच किनाऱ्यावर चिमाजी अप्पांच्या फौजेने जानेवारी १७३९ मध्ये एकामागून एक ठाणी घेतली, तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले तरी तारापूर घेतलेच, आणि मे महिन्यात वसईचा निकाल लावला, त्या सगळ्या धामधुमीमागे येणाऱ्या मृगाची धास्ती होती. दलदल, खाड्या आणि शेवाळलेले कातळ यांत तोफा ओढता येत नाहीत, हे या मुलखात लढलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. घरगुती व्यवहारही तसाच. कोल्हापुरी वहाणा पाऊस लागण्यापूर्वी तेल देऊन, फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकायच्या आणि नवरात्रात खाली काढायच्या, ही गोष्ट आमच्या आजीच्या पिढीला पंचांगाइतकीच पाठ होती. बाभळीच्या सालीत कमावलेले कातडे पाणी प्याले की फुगते, वाळले की आखडते आणि चार दिवस ओलसर राहिले की त्यावर बुरशी धरते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. पावसातही ज्याला चालणे चुकत नव्हते, तो मनुष्य पायताण घालून चालतच नव्हता. सरकारी लखोटा घेऊन धावणारा जासूद, खाडीच्या चिखलात उतरणारा कोळी, ताडाच्या झाडावर चढणारा भंडारी, भाताच्या खाचरात दिवसभर वाकून असणारे वारली आणि मल्हार कोळी, हे सगळे अनवाणी. क्वचित वहाणा असल्याच तर ओढा आला की त्या हातात घ्यायच्या, नाहीतर काखेत मारायच्या, आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा घालायच्या. पायताण भिजवायचे नाही, पाय भिजू द्यायचा, कारण पाय पुसला की वाळतो. या एका कृतीत जलरोधक बुटासंबंधीचे अर्धे शास्त्र सामावलेले आहे असे मी मानतो.

अर्थात अनवाणी चालण्याचे गोडवे मी गाणार नाही. ज्यांनी ते गायले त्यांनी आवणीच्या दिवसांतल्या बायकांच्या बोटांच्या बेचक्या पाहिलेल्या नसाव्यात. चिखल्या हा शब्द मराठीतच सापडावा इतका तो या पावसाचा आहे: आठ-आठ दिवस पाण्यात राहिलेली कातडी पांढरी पडते, मग फाटते, मग लाल होते, आणि रात्री चुलीजवळ बसून तीत हळद-तेल किंवा वाटलेली मेंदी भरताना मोठ्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी येते. शिवाय अनवाणी असणे हे सर्वांच्या बाबतीत स्वेच्छेचे नव्हते. पायातला जोडा ही प्रतिष्ठेची खूण होती, आणि वरिष्ठांच्या दारावरून जाताना कनिष्ठ मानलेल्याने ती खूण उतरवावी असा दंडक गावोगाव होता. उंबरगाव-डहाणूच्या पट्ट्यात वेठीला जुंपलेल्या वारल्यांनी २३ मे १९४५ रोजी झरीच्या परिषदेत, गोदावरी परुळेकरांच्या साक्षीने, वेठबिगार न करण्याचा निर्धार केला. त्या सभेला रानातून पायी आलेल्या माणसांच्या पायांत काय होते, हे सांगायला कागदपत्रांची गरज नाही.

शिवलेला, घोटा झाकणारा, जाड तळाचा बूट आपल्याकडे आला तो गोऱ्या फौजेबरोबर. पुढे कानपूरच्या कूपर अ‍ॅलनसारख्या कारखान्यांतून तो हजारोंनी निघू लागला. तळाला लोखंडी खिळे ठोकलेला तो जड जोडा संचलनाला शोभून दिसे, परंतु पाण्याचा प्रश्न त्याने सोडवलेला नव्हता. १९१४-१५ च्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या खंदकांत उभ्या असलेल्या सैनिकांचे पाय ओल्या बुटांत सडू लागले, तेव्हा रोज पायांना देवमाशाचे तेल चोळावे आणि कोरडे मोजे बदलावेत असे हुकूम काढावे लागले. आमच्या आवणीवाल्या बाईच्या हळद-तेलाशी त्या हुकमाचे नाते किती जवळचे आहे!

पाण्याशी खरे दोन हात केले ते रबराने. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये रबर लावलेल्या कापडाचे पेटंट घेतले, १८३९ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयरला गंधकाने रबर पक्के करण्याची युक्ती सापडली, आणि मग गमबूट, रेनकोट, टायर हे सगळे आले. आपल्याकडे १९२० मध्ये सुरेंद्रमोहन बोस यांनी बंगाल वॉटरप्रूफची स्थापना केली आणि त्यांचे डकबॅक हे नाव मराठी घरांतही पावसाळी सामानासाठी रूढ झाले. डोंगरी बुटाला मात्र वेगळे वळण लागले. १९३५ मध्ये आल्प्समधल्या पुंता रासिका शिखरावर वादळात सापडलेल्या तुकडीतले सहा गिर्यारोहक मरण पावले. त्या काळी जड खिळ्यांचे बूट खाली ठेवून कडा चढण्यासाठी पातळ तळाचे हलके जोडे घालीत, आणि बर्फात ते कुचकामी ठरत. त्या तुकडीबरोबर असलेल्या व्हिताले ब्रामानी या इटालियन गृहस्थाच्या मनाला ती गोष्ट इतकी लागली, की दोन वर्षांत त्याने पिरेली या टायरच्या कारखानदाराच्या साहाय्याने खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. त्याच्याच नावातून व्हिब्रम हे नाव झाले. १९५४ मध्ये इटालियन तुकडी के-टू शिखरावर पोचली ती असेच तळ पायांखाली घेऊन. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर याने एक प्लॅस्टिक झटक्यासरशी ताणून त्याचा असा पापुद्रा मिळवला, की ज्याच्या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत येत नाही पण घामाची वाफ बाहेर जाते, आणि आज जलरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक बुटांचे मर्म असल्याच पापुद्र्यात असते.

हे सगळे शोध ज्या प्रदेशांत लागले ते प्रदेश थंड होते. तेथे बाहेरची हवा कोरडी आणि पायाजवळची ऊबदार असते, म्हणून वाफेला बाहेर पडायला वाट मिळते. तेथे पाणी बर्फाच्या रूपाने बुटाच्या बाहेरच्या अंगाला चिकटते. आमच्या श्रावणात हवाच मुळी वाफेने भरलेली, तेव्हा आतली वाफ जाणार कोठे? आणि आमचे पाणी बाजूने झिरपत नाही, ते गुडघाभर ओढ्यातून सरळ बुटाच्या तोंडावाटे आत येते.

सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना हे पुस्तकांतून शिकावे लागले नाही. मुंबईत १९५४ साली गिरिविहारसारखी संस्था निघाली, पुढे गावोगावी डोंगरवेडी मंडळे झाली, आणि त्यांतल्या तुटपुंज्या पगाराच्या कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी परदेशी बुटांची स्वप्ने पाहण्यापेक्षा कॅनव्हासचे, रबरी तळाचे ‘हंटर’ बूट जवळ केले. ते भिजत, पण पाणी टाकून देत आणि चुलीच्या धगीवर रात्रीतून वाळत. त्यानंतर कित्येक वर्षे अ‍ॅक्शन कंपनीचा ‘ट्रेकिंग’ हा स्वस्त जोडा सह्याद्रीच्या वाटांवर जणू गणवेशासारखा दिसे, तो केवळ त्याच्या रबरामुळे. निसरड्या कातळावर तो धरून राहतो, ही कीर्ती एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली. जुन्या टायरचा तळ लावलेल्या चपला घालून पाड्यांतली माणसे ज्या कड्यांवर सहज चढतात, तेही याच न्यायाने.

मी स्वतः ही गोष्ट उशिरा शिकलो. काही वर्षांपूर्वी, कमरेत पाऊस घेऊन उभ्या असलेल्या असाव्यावर जाताना, शहरातल्या एका मोठ्या दुकानातून घेतलेले कातडी, अस्तरात पापुद्रा असलेले बूट माझ्या पायांत होते. वाटाड्या म्हणून पायथ्याच्या पाड्यावरचा एक वारली तरुण होता. त्याच्या पायात अंगठ्याचे रबरी चप्पल, आणि चढ लागला की तेही हातात. पहिला तासभर माझे पाय खरोखर कोरडे होते, आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. मग ओढा आला. रात्रीच्या पावसाने तो मांडीपर्यंत चढला होता. पलीकडे पोचलो तेव्हा दोन्ही बूट काठोकाठ भरले होते, आणि जे अस्तर पाण्याला आत येऊ देत नव्हते तेच आता त्याला बाहेर जाऊ देईना. प्रत्येक पावलागणिक टाचेखाली पाणी दबे, बोटांकडे धावे आणि परत येई. पाय दगडासारखे जड झाले. गडाच्या माथ्याजवळच्या शेवाळलेल्या कातळावर, खाचा खोल असूनही, तो कडक तळ काचेवर ठेवल्यासारखा सटकला आणि मी कोपरावर पडलो. त्या तरुणाने एक शब्द न बोलता माझा हात धरला. त्याची बोटे खडकावर पसरली होती, प्रत्येक बोट वेगळे, जणू कातळाची खाच चाचपून पाहत असावे, तशी.

म्हणून विचारणाऱ्याला मी आता असे सांगतो. हिमालयात, बर्फात, लडाखच्या कोरड्या थंडीत जायचे असेल तर पापुद्र्याचा बूट अवश्य घ्यावा. तेथे ओला पाय म्हणजे गमावलेली बोटे. जड ओझे घेऊन हिवाळ्यात घाटवाटा उतरायच्या असतील तर घोट्याला आधार देणारा, आत अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडणारा बूट संध्याकाळी, म्हणजे पाय सुजलेले असताना, जाड मोजे घालून पारखावा, आणि दुकानातल्या उतरत्या फळीवर उभे राहून नखे पुढे आपटत नाहीत ना ते पाहावे. पण जून ते सप्टेंबर सह्याद्रीत चालायचे असेल तर पाणी अडवणाऱ्या बुटापेक्षा पाणी सोडणारा बूट घ्यावा: जाळीचा किंवा कापडी, ओला झाल्यावर जड न होणारा, आणि तळाचे रबर नखाने किंचित दबेल इतके मऊ. कोरडे मोजे मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, रात्रीसाठी, वेगळे ठेवलेले असावेत. चिखल्या रात्री टळतात, दिवसा नव्हे.

त्या संध्याकाळी पाड्यावर उतरलो तेव्हा अंधार पडत आला होता. तरुणाने दारातल्या हंड्यातले पाणी पायांवर ओतले, पाय पोत्यावर पुसले आणि तो घरात गेला; त्याचे पाय कोरडे झाले. त्याच्या आईने माझे बूट उलटे करून त्यांतले पाणी अंगणात ओतले, पेंढ्याच्या दोन मुठी वळून त्यांत ठासून भरल्या आणि ते चुलीपासून हातभर अंतरावर तिरपे ठेवले. फार जवळ ठेवले तर कातडे तडकते, एवढे तिने सांगितले. पहाटे उठून मी तो पेंढा काढला. तो पिळला, तर हाताला पाणी लागले.