ऐकणारे गाव, बोलणारे गाव

प्रवेशाच्या दिवसांत इंझोरीहून आलेल्या एका विद्यार्थिनीने आम्हांला विचारले, "सर, समाजशास्त्र मुख्य विषय आणि संज्ञापन गौण विषय असे घेतले, तर दोन्ही वेगवेगळे शिकायचे की एकत्र?" राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य आणि गौण विषयांची रचना आली, तेव्हापासून अशा जोड्या विद्यार्थ्यांसमोर येऊ लागल्या आहेत. तिच्या प्रश्नाला वेळापत्रकाचे उत्तर सोपे आहे: तासिका वेगळ्या, परीक्षा वेगळी, प्राध्यापक वेगळे. इतिहासाचे उत्तर मात्र निराळे आहे आणि ते थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे.

आपल्याकडे या दोन ज्ञानशाखा वेगवेगळ्या दारांनी विद्यापीठात आल्या. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि १९२४ पासून गो. स. घुर्ये यांनी त्याची धुरा सांभाळली. पुणे विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग १९६४ चा. जात, कुटुंब, गाव हे अभ्यासविषय एका विभागाकडे गेले. बातमी, अग्रलेख, मुलाखत ही कौशल्ये दुसऱ्याकडे. अमेरिकेत मात्र शिकागोच्या समाजशास्त्राला आकार देणारा रॉबर्ट पार्क आधी वृत्तपत्राचा बातमीदार होता, आणि स्थलांतरितांच्या वृत्तपत्रांवरचा त्याचा ग्रंथ १९२२ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

मराठीतही ही सांगड विद्यापीठाबाहेर आधीच घातली गेली होती. ९ मे १९१६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात जातिसंस्थेच्या उगमाची मीमांसा करणारा निबंध वाचला. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांच्याच प्रेरणेने 'मूकनायक' निघाले. या दोन घटना आपण दोन वेगळ्या प्रकरणांत शिकवतो. वस्तुतः पाक्षिकाच्या त्या नावातच समाजशास्त्रीय निष्कर्ष दडलेला आहे. कोण बोलतो आणि कोणाला मुके ठेवले जाते, हे समाजरचनेने ठरते. म्हणून बोलण्याचे साधन उभारणे हे समाजरचनेतच हस्तक्षेप करणे होय.

या विचाराची पद्धतशीर तपासणी महाराष्ट्रात झाली ती १९५६ मध्ये. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोतामंडळे स्थापन केली. फेब्रुवारी ते एप्रिल असे दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. एकूण वीस कार्यक्रम. कल्पना मूळची कॅनडातली. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांची मंडळे रेडिओ ऐकत, ऐकलेल्यावर चर्चा करीत आणि मग कृतीला लागत. आपल्याकडेही प्रत्येक गावात साधारण वीस जण एकत्र बसत, कार्यक्रम संपला की त्यावर बोलत. त्यांचे प्रश्न केंद्राकडे जात आणि उत्तरे पुढच्या कार्यक्रमात मिळत. गाव श्रोता होते, तसेच काही अंशी कार्यक्रमाचे सहकर्तेही होते.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपविले होते. त्याची सूत्रे पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाकडे होती. व्हिएन्नात जन्मलेल्या या माणसाने १९३८-३९ मध्ये दाखाउ आणि बुखेनवाल्ड या नाझी छळछावण्या भोगल्या होत्या आणि पुढे कोलंबियात त्याच छावण्यांच्या समाजरचनेवर प्रबंध लिहिला होता. जिथे शब्द उच्चारणे जिवावर बेतू शकते अशा समाजाचा अभ्यासक पुढे महाराष्ट्रातल्या गावकऱ्यांच्या चर्चा मोजायला आला, हा योगायोग विचारात पाडणारा आहे. अहवालात त्याचे सहलेखक होते जगदीशचंद्र माथुर. ते आकाशवाणीचे महासंचालक होते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ते 'कोणार्क' या हिंदी नाटकाचे लेखक म्हणून ठाऊक असतील.

मूल्यमापनाची रचना साधी आणि नेमकी होती. श्रोतामंडळ असलेली गावे, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे आणि रेडिओही नाही अशी गावे यांची तुलना करायची. लोकांना आधी काय माहीत होते आणि नंतर काय, हे मुलाखतींतून तपासायचे. निष्कर्ष असा की श्रोतामंडळांच्या गावांत माहितीची वाढ ठळक होती, आणि नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती तुलनेने अगदी थोडी होती. ध्वनिलहरी दोन्हीकडे सारख्याच पोहोचल्या होत्या. फरक पडला तो ऐकल्यानंतर माणसे एकत्र बसून बोलली की नाही यामुळे. १९५९ मध्ये हा उपक्रम देशभर नेण्यात आला.

या निष्कर्षाकडे केवळ संज्ञापनाच्या अंगाने पाहिले तर कार्यक्रम यशस्वी झाला एवढेच हाती लागते. केवळ समाजशास्त्राच्या अंगाने पाहिले तर गावातील गटांची रचना समजते, पण त्या संध्याकाळी नेमके काय बदलले ते निसटते. दोन्ही एकत्र आले तरच खरा प्रश्न उभा राहतो: त्या वीस जणांत कोण बसले होते, आणि बसलेल्यांपैकी बोलले कोण?

त्या पाच जिल्ह्यांत वऱ्हाड नव्हते. आमचा भाग तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला. मात्र श्रोत्याला बोलते करण्याची रीत वऱ्हाडाला आकाशवाणीकडून शिकावी लागली नव्हती. आमचे विद्यापीठ ज्यांचे नाव धारण करते ते संत गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात साध्या प्रश्नांवर प्रश्न विचारून श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत. हातात झाडू घेऊन गल्लीगल्ली फिरताना त्यांना गाव कळत असे. रात्रीचे प्रश्न त्या ओळखीतून येत. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. पुण्याचा प्रयोग त्याच वर्षीचा.

इंझोरी ज्या मानोरा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी आहे. तांड्यावरच्या घरात गोरबोली बोलली जाते. शाळा, ग्रामसभा आणि कृषी खात्याचा संदेश मराठीत येतो. आज प्रत्येक हातात मोबाइल आहे म्हणून संवाद झाला असे समजणे, म्हणजे १९५६ मध्ये नुसता रेडिओ ठेवून गाव शहाणे झाले असे समजण्यासारखेच आहे. संदेश कोणत्या भाषेत आला, घरातील कोणी वाचला, कोणी कोणाला समजावून सांगितला, आणि ग्रामसभेत त्यावर बाई उभी राहून बोलली का, हे तपासण्यासाठी दोन्ही विषय एकाच वहीत लागतात.

त्या विद्यार्थिनीला आम्ही एवढेच सांगितले: तासिका वेगळ्या बस, पण प्रकल्प एकच कर. पुढच्या ग्रामसभेला जा. ध्वनिक्षेपक कोणाच्या हातात आहे ते संज्ञापनाच्या वहीत लिही. तो कोणाच्या हातात कधीच जात नाही ते समाजशास्त्राच्या वहीत. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाच. मराठीच्या विभागातले आम्ही त्या वाचनाला हजर राहू, कारण तेथे कोणती भाषा बोलली गेली, हा प्रश्न आमचा आहे.