निखळलेलं चाक आणि कुंपणापलीकडची माणसं

परवा धावत्या बसचं चाक निखळल्याची बातमी वाचली. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘नशीब, जीवितहानी नाही.’ हे वाक्य मी एकदा माझ्याच करणीबद्दल ऐकलंय. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. पुतण्याला गो-कार्टचं वेड लागलं होतं. एक जुनी रेसिंग कार्ट घेतली आणि रविवारच्या सरावाला मी त्याचा बिनपगारी मेकॅनिक झालो. त्या दिवशी मागचं चाक बदललं. तीन नट. तिन्ही हातानं फिरवून बसवले, पाना घ्यायला वळलो, तेवढ्यात चहाला हाक आली. परत आलो तोवर पोरगं इंजिन सुरू करून निघूनही गेलं होतं. मला वाटलं, आवळले असतील मीच.

दुसऱ्याच फेरीत वळणावर चाक सुटलं. कार्ट गरगर फिरून गवतात थांबली. पुतण्याला खरचटलंही नाही. चाक मात्र थांबलं नाही. टायरांच्या भिंतीवरून टप्पा घेऊन ते पलीकडे गेलं. तिथे दोन बायका डबा उघडून बसल्या होत्या, त्यांच्या मधून निघून गेलं. सगळे म्हणाले, ‘नशीब.’ मी काहीच बोललो नाही. पाना अजून माझ्या खिशात होता.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलोय. जे कळलं ते सांगतो.

चाक निखळण्याची भीती आपल्याला काही नवी नाही. लढाईत दशरथाच्या रथाची खीळ निसटली आणि चाक निघू नये म्हणून कैकेयीनं तिथे स्वतःचा हात घातला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दोन वर त्यातूनच आले आणि वनवासही. बोटभर खिळीनं केवढं रामायण घडवलं! पण त्या कथेतही धोका रथात बसलेल्याला आहे. मोटार शर्यतींचा इतिहास वेगळंच सांगतो. तिथे सुटलेल्या चाकानं बळी घेतले ते बरेचदा गाडीत नसलेल्या माणसांचे.

याचं कारण सोपं आहे. चाक सुटलं की गाडीचा एक कोपरा जमिनीला घासतो, तिचा वेग उतरतो. चाकाला अडवणारं काहीच नसतं. गाडीचा वेग त्याच्या अंगात असतोच, डोक्यावरचं ओझंही उतरलेलं असतं आणि खाली हवा भरलेलं रबर. त्यामुळे ते गाडीला मागे टाकून पुढे जातं, आणि वाटेत काही लागलं की चेंडूसारखं उसळतं. कुठे जाईल हे कुणालाच सांगता येत नाही.

आता कार्टचं बघू. 1956 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसानं पहिली कार्ट बनवली. हा गडी रेसिंगच्या गाड्या बांधणाऱ्या कारखान्यात कामाला होता. नळ्यांचा सांगाडा, चार छोटी चाकं आणि एक छोटं इंजिन, बस्स. आजही मूळ रचना तीच आहे. कार्टला सस्पेन्शन नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच सळसळीत आसावर जखडलेली असतात, मध्ये डिफरन्शियल नसतं. त्यामुळे वळताना आतलं मागचं चाक उचललं जावं लागतं, नाहीतर कार्ट वळतच नाही. म्हणजे सांगाडा सतत पिळला जातो आणि रस्त्याचा प्रत्येक हादरा थेट नटापर्यंत पोचतो. नट किंचित सैल झाला की चाक डुगडुगतं, भोकं मोठी होतात, बोल्टवर आडवा मार बसतो. तिथून पुढे फार वेळ लागत नाही. हे नट साधे नसतात, आत नायलॉनची कडी असते. पण तीच कडी चार-सहा वेळा उघडझाक केली की पकड सोडते. आणि आपण नट काही फेकून देत नाही!

फॉर्म्युला वनच्या गाडीत चाक सुटू नये म्हणून जे उपाय आहेत, त्यातलं कार्टमध्ये जवळपास काहीच नाही. पण ते उपाय तिथे तरी कसे आले, हे बघण्यासारखं आहे. कारण प्रत्येक उपायाच्या आधी एक मृत्यू आहे.

1987 ची इंडियानापोलिस 500. एका गाडीचं चाक सुटलं. मागून येणाऱ्या रॉबेर्तो गेरेरोच्या गाडीचं नाक त्याला लागलं आणि चाक उडून थेट प्रेक्षकांच्या गॅलरीत, अगदी वरच्या रांगेत गेलं. तिथला एक प्रेक्षक त्यात गेला. वरची रांग म्हणजे सुरक्षित, असं आपल्याला वाटतं ना?

26 जुलै 1998, मिशिगन. एक गाडी भिंतीवर आदळली, तिचं चाक कुंपणावरून प्रेक्षकांत गेलं. तीन जण ठार, सहा जखमी. ड्रायव्हर वाचला. शर्यत? ती पुढे चालूच राहिली. विजेताही ठरला.

वर्षही झालं नाही, तोच 1 मे 1999 ला शार्लटमध्ये पुन्हा तेच. पुन्हा तीन प्रेक्षक ठार. यावेळी मात्र शर्यत अर्ध्यात थांबवून रद्द केली.

त्याच 1999 मध्ये फॉर्म्युला वननं चाकाला सांगाड्याशी बांधणारे मजबूत दोर सक्तीचे केले. अपघातात चाक तुटलं तरी ते गाडीला लटकत राहावं, ही कल्पना. प्रश्न सुटला असं वाटलं. सप्टेंबर 2000 मध्ये इटलीतल्या मोन्झाला पहिल्याच फेरीत अनेक गाड्या एकमेकांवर आदळल्या आणि उडालेल्या चाकानं एका मार्शलचा जीव घेतला. तो आग विझवायला उभा असलेला स्वयंसेवक होता. सहा महिन्यांत, मार्च 2001 मध्ये, मेलबर्नला दुसरा मार्शल गेला. तोही स्वयंसेवकच. कुंपणात मार्शलांच्या कामासाठी ठेवलेल्या फटीतून चाक आरपार आलं. हा मृत्यू टाळता आला असता, असं पुढे चौकशीत निष्पन्न झालं. थोडक्यात, दोरही तुटू शकतो, आणि कुंपणाची फट चाकाला बरोबर सापडते.

मग 19 जुलै 2009. इंग्लंडमधलं ब्रँड्स हॅच, फॉर्म्युला टूची शर्यत. दुसऱ्याची गाडी भिंतीवर आदळली, चाक दोर तोडून सुटलं, रस्ता ओलांडून परत आलं आणि हेन्री सर्टीजच्या हेल्मेटवर आदळलं. वय 18. त्याची काहीच चूक नव्हती. त्याचे वडील जॉन सर्टीज, मोटरसायकल आणि फॉर्म्युला वन या दोन्हींत विश्वविजेता ठरलेला आजवरचा एकमेव माणूस. स्वतः मृत्यूच्या सावलीत शर्यती खेळून जिवंत राहिला आणि मुलाला असा गमावून बसला.

त्यानंतर एका आठवड्यात, हंगेरीच्या शर्यतीत, फर्नांडो अलोन्सोची गाडी पिटमधून पुढचं चाक नीट न बसलेल्या अवस्थेत निघाली. चाक वाटेत सुटलं. कुणाला लागलं नाही. पंचांनी रेनो संघाला पुढच्या शर्यतीतून बाद केलं. अपिलात ते कमी होऊन 50,000 डॉलर दंडावर आलं. ‘जीवितहानी नाही’ हा शब्द सगळीकडे स्वस्तच असतो!

पण संशोधन थांबलं नाही. सुमारे 20 किलोचं चाक ताशी 225 किलोमीटरनं आदळलं तर डोकं कसं वाचेल, याच्या चाचण्या झाल्या. त्यातून 2018 मध्ये ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची कमान, म्हणजे ‘हेलो’, आली. दिसायला कुरूप म्हणून तिला केवढी नावं ठेवली लोकांनी! आज कुणी बोलत नाही. आणि जॉन सर्टीज? त्यांनी मुलाच्या नावानं संस्था काढली, तिच्या मदतीसाठी कार्टच्या शर्यती भरवल्या, 2015 मध्ये केंटमधला बकमोर पार्क हा कार्ट ट्रॅकच चालवायला घेतला. मुलगा ज्या खेळातून गेला, त्याच खेळाच्या पहिल्या पायरीवर ते 2017 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, उभे राहिले.

या सगळ्यात मला सगळ्यात पटलेला धडा मात्र शर्यतीतला नाही, रस्त्यावरचा आहे. 1995 च्या सुमारास कॅनडातल्या ऑन्टारियोत ट्रकच्या सुटलेल्या चाकांनी रस्त्यावरच्या माणसांचे जीव घेतले. 1997 मध्ये तिथे कायदा आला: व्यावसायिक वाहनाचं चाक निखळलं की मालक दोषी. ‘आम्ही काळजी घेतली होती हो’ हा बचाव चालणार नाही. दंड 2,000 ते 50,000 डॉलर. कडक वाटेल, पण विचार करा. चाक आपोआप निखळत नाही. कुणीतरी आवळलं नाही, किंवा कुणीतरी तपासलं नाही. मी या दोन्ही यादीत आहे, म्हणून सांगतोय.

आता आपल्याकडे या. गावोगाव, हायवेलगत, रिसॉर्टात कार्ट ट्रॅक उघडलेत. पोरं रांगेत उभी असतात आणि रांग बरेचदा वळणाच्या बरोबर बाहेरच्या अंगाला असते. फेब्रुवारी 2018 मध्ये हरियाणातल्या पिंजोरला कार्टच्या चाकात केस अडकून एका तरुणीचा जीव गेला. तिथे चाक सुटलं नव्हतं, हे खरं. पण प्रश्न तोच: सकाळी गाडी रस्त्यावर सोडण्यापूर्वी ती कुणी पाहिली आणि त्याची सही कुठे आहे?

माझं म्हणणं एवढंच. पैसे भरण्याआधी रोजच्या तपासणीचं रजिस्टर मागा. नट आणि बोल्टवर मिळून रंगाची एक रेघ मारायला सांगा. नट हलला की रेघ तुटते, लांबूनही दिसतं. खर्च जवळपास शून्य. मुलांना वळणाच्या बाहेर उभं करू नका. केस आणि ओढणी आत घ्या. आणि तुमची स्वतःची कार्ट असेल तर एकानं आवळायचं, दुसऱ्यानं तपासायचं. मध्येच कुणी हाक मारली तर पहिल्या नटापासून पुन्हा सुरुवात.

त्या दोन बायकांची मी माफी मागितली होती. त्यातली एक हसून म्हणाली, ‘अहो भाऊ, होतं असं.’ 

नाही हो ताई, होत नसतं. ते मी केलं होतं.

तुमच्या भागातल्या ट्रॅकवर असं रजिस्टर दिसलं का, खाली जरूर लिहा. दिसलं नसेल, तर तेही लिहा.